तारीख छापली की लिहावंच लागे

जानेवारी १८७४मध्ये पुण्यातून ‘निबंधमाला’ निघू लागली, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांना चोविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी दरमहा एक अंक काढण्याचं काम अंगावर घेतलं, आणि तो अंकही जवळजवळ सगळा स्वतः लिहायचा होता. त्यात बातम्या नव्हत्या, जाहिरातींची भरती नव्हती. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर. सात वर्षांत या मालेचे ८४ अंक झाले.

एवढं लेखन एका माणसाच्या हातून कसं झालं? याचं उत्तर बहुधा प्रतिभेत शोधलं जातं. प्रतिभा होतीच, पण त्याआधी सराव होता. वडील कृष्णशास्त्री ‘शालापत्रक’ हे मासिक चालवत. विष्णुशास्त्र्यांनी १८६८मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, त्याचं काम हाती घेतलं. महिना भरत आला की मजकूर तयार हवा, हे त्यांच्या अंगवळणी पडलं ते तिथे. ‘निबंधमाला’ सुरू झाली तेव्हा या शिस्तीला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती.

दुसरी शाळा लंडनची. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन हे विष्णुशास्त्र्यांचे आवडते लेखक. जॉन्सनच्या ‘रासेलस’चं भाषांतर वडिलांनी सुरू केलं आणि मुलाने ते पुरं केलं. पुढे ‘निबंधमाले’त त्यांनी जॉन्सनवर प्रदीर्घ लेखन केलं. या जॉन्सनने मार्च १७५० ते मार्च १७५२ अशी दोन वर्षं ‘रॅम्बलर’ नावाचं निबंधपत्र चालवलं. दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध, एकूण २०८ अंक, आणि मोजके सोडले तर सगळे त्याच्याच हातचे. त्याच काळात त्याच्या इंग्रजी शब्दकोशाचंही काम चालू होतं. तो कोश निघाला १७५५मध्ये. जॉन्सन स्वभावाने आळशी, उशिरा उठणारा, कामाची टाळाटाळ करणारा. तरीही मंगळवार-शनिवार चुकले नाहीत, कारण ते वार आधीच जाहीर झाले होते आणि मजकुरासाठी छापखाना खोळंबलेला असे.

छापखान्याचा हा तगादा नीट समजून घ्यायला हवा. खिळ्यांच्या छपाईत कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवत असे. देवनागरीत तर काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं यांचे वेगवेगळे खिळे. केसमधल्या खणांची संख्याच शेकड्यांत. पानं जुळली की आठ किंवा सोळा पानांचा फर्मा बांधायचा, प्रुफं तपासायची, छापायचं, आणि मग तेच खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. लेखकाने चार पानं अडवून धरली की पुढचा फर्मा अडे, खिळे अडकून पडत आणि कामगार बसून राही. तिकडे वर्गणीदाराने वर्षाची वर्गणी टपालहशिलासह आधीच भरलेली. अंक उशिरा आला की त्याचं पत्र येई. फारच उशीर झाला तर संपादक दोन महिन्यांचा जोडअंक काढून वेळ मारून नेत. जुन्या मराठी मासिकांच्या संचात असे जोडअंक बरेच सापडतात.

म्हणजे लेखकाची सवय ही एकट्या लेखकाच्या निश्चयावर उभी नव्हती. तारीख, वर्गणीदार आणि छापखाना हे तिघे मिळून ती घडवत होते.

या नियमितपणाची ताकद दोन्ही बाजूंनी चाले. दर महिन्याला हक्काची पानं हाताशी असल्यामुळे विष्णुशास्त्र्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाची भाषेवरून टर उडवली आणि त्यातला मूळ सवाल बाजूला टाकला. तिथे त्यांची लेखणी चुकली. पण फुल्यांच्या विचारालाही स्वतःच्या पत्राची गरज आहे, हे त्यांच्या सत्यशोधक समाजातल्या मंडळींनी ओळखलं होतं. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केलं. पैशांअभावी ते चालवणं कठीण झालं, तेव्हा १८८०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेलं आणि १८९७मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळलं. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यातून आठवड्यामागून आठवडा मांडली गेली. जून १८९०मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तिच्यामागे लोखंड्यांच्या सभा आणि अर्ज होते तसं हे चिकाटीचं लेखनही होतं.

सर्वांत बिकट परिस्थिती मात्र डॉक्टर आंबेडकरांची. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघालं. सत्याग्रहाविरुद्ध ओरड चालू होती, तिला उत्तर द्यायला स्वतःचं पत्र हवं होतं. पण संपादकाला पगार द्यायला पैसा नव्हता आणि लिहिणारी माणसंही हाताशी नव्हती. बाबासाहेबांना एकेका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकहाती भरून काढावे लागत. वकिली, अध्यापन, परिषदा, दौरे हे सगळं चालू असताना. इथे सवय वगैरे शब्द तोकडे पडतात. जो समाज वर्गणी भरायच्या ऐपतीचाच नव्हता, त्याच्यासाठी हा माणूस पंधरवड्याचा शब्द पाळायला झटत होता. अखेर नोव्हेंबर १९२९मध्ये पत्र बंद पडलं, तेही लेखणी थकली म्हणून नव्हे, पैसा उरला नाही म्हणून.

आज इंटरनेटवर लिहिणाऱ्याला खिळे जुळवावे लागत नाहीत, टपालहशील लागत नाही, मध्यरात्री लिहिलेलं त्याच क्षणी जगभर जातं. तगादा लावणारं मात्र कुणी उरलेलं नाही, आणि पाच-सात लेखांनंतर ओस पडलेली मराठी पानं इतकी का दिसतात, याचं मोठं कारण मला तिथेच दिसतं. ज्यांना नियमित लिहायचं आहे, त्यांनी आपला वार वाचकांना आधी सांगून टाकावा आणि मजकूर मागणारं एक तरी माणूस गाठीशी ठेवावं. महाराष्ट्र शासनाने ‘बहिष्कृत भारत’ आणि आंबेडकरांचंच आधीचं पत्र ‘मूकनायक’ यांचे अंक १९९०मध्ये एकत्र छापले आहेत. मोठ्या ग्रंथालयात तो खंड मिळाला तर जरूर उघडा, आणि अग्रलेखांबरोबर अंकांवरच्या तारखाही वाचा.