चामड्याच्या वाटीचं भूत

गेल्या उन्हाळ्यात मिशिगनमध्ये मित्राच्या बोटीच्या ट्रेलरचे ड्रम ब्रेक काढून आम्ही हायड्रॉलिक डिस्क बसवल्या. बोट उतरवताना दर वेळी चाकं तळ्यात बुडतात, ड्रममध्ये पाणी साचतं, आतलं सगळं गंजतं. डिस्क उघडी, पटकन वाळते. पण पहिल्याच वीस मैलांत जळका वास आला आणि हबजवळ हात नेववेना. ब्रेक सुटतच नव्हते.

चूक १९२०च्या दशकातली होती, असं मी म्हणतो. मित्र म्हणतो, तुझी होती.

डिस्कची कल्पना त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये पेटंट घेतलं, पण तांब्याचे पॅड चकतीवर किंचाळायचे. १९५३ मध्ये ल माँची शर्यत जग्वारने डिस्क लावून जिंकली, तेव्हा कुठे जगाला ती पटली.

हायड्रॉलिकचा धागा वेगळा. माल्कम लॉकहीड हा विमानवाल्या ॲलनचा भाऊ. मूळ आडनाव लोक 'लॉगहेड' वाचायचे, म्हणून कंपनीच्या नावात त्याने स्पेलिंगच बदललं. पायाचा दाब तेलातून चाकापर्यंत नेणारे त्याचे ब्रेक चांगले होते, फक्त पिस्टनवरच्या चामड्याच्या वाट्या गळायच्या. १९२४ च्या गाडीसाठी क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्या रबराच्या केल्या. पुढे त्या वाटीची कड सिलिंडरला चिकटून राहावी, हवा शिरू नये, म्हणून ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब कायम राखणारी एक झडप बसवायची पद्धत पडली.

ड्रमला त्याचा त्रास नाही, शूजच्या स्प्रिंगा दणकट असतात. डिस्कच्या कॅलिपरला अशी स्प्रिंग नसते. आतलं चौकोनी रबरी सील पिळतं आणि सुटताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, बस. तिथे १० पीएसआयसुद्धा पॅड घासत ठेवायला पुरतो. आमचा मास्टर सिलिंडर जुना, ड्रमचा. झडप आतच राहिली होती. लेगसी कोड न वाचता वरचं मॉड्यूल बदलल्यावर हेच होतं.

ती काढली, हब गार राहिले. मग रॅम्पवर ट्रेलर मागे जाईना. या ट्रेलरला पेडल नसतं. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि तोच रेटा मास्टर सिलिंडर दाबतो. रिव्हर्स घेतानाही तोच रेटा पडतो. जुन्या ड्रममध्ये उलट फिरताना ब्रेक सैल पडायची सोय होती. डिस्कला मागचं-पुढचं सारखंच. म्हणून लाइनमध्ये एक सोलेनॉइड बसवला, त्याची वायर गाडीच्या रिव्हर्स लाइटला जोडली. गिअर मागे पडला की तेलाची वाट बंद.