मिलर चळवळ आणि २२ ऑक्टोबर १८४४

बायबलमधील आकडे आणि यहुदी सणांच्या तिथी यांची सांगड घालून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा, म्हणजेच जगाच्या अंताचा, दिवस काढण्याचा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत गाजलेला प्रयत्न. विल्यम मिलर (१५ फेब्रुवारी १७८२–२० डिसेंबर १८४९) या अमेरिकन शेतकऱ्याने त्याचा पाया घातला. मात्र जी तारीख इतिहासात राहिली ती त्याची नव्हे, सॅम्युएल स्नो याची. येथे पंचांगाच्या बाजूला अधिक जागा दिली आहे, कारण सगळा प्रश्न शेवटी एका अधिक मासावर येऊन ठेपला आणि चळवळीच्या इतिहासात नेमकी हीच बाजू ओझरती सांगितली जाते.

मिलर : जन्म पिट्सफील्ड (मॅसॅच्युसेट्स), वास्तव्य लो हॅम्प्टन (न्यूयॉर्क राज्य). ईश्वर आहे, पण तो जगाच्या व्यवहारात हात घालत नाही, असे त्याचे तरुणपणचे मत होते. इंग्लंडविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन होता. प्लॅट्सबर्गच्या लढाईत (सप्टेंबर १८१४) तो हजर होता. १८१६ मध्ये तो श्रद्धेकडे वळला आणि पुढची दोन वर्षे बायबल व क्रूडनची शब्दसूची एवढीच सामग्री घेऊन बसला. वचनातला एखादा शब्द घ्यायचा, तो जिथे जिथे आला असेल ती सर्व वचने शेजारी मांडायची आणि अर्थ लागल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, ही त्याची रीत. १८१८ मध्ये तो निष्कर्षाला आला की सुमारे २५ वर्षांत सारे संपणार. तरीही ऑगस्ट १८३१ पर्यंत त्याने जाहीर प्रवचन केले नाही. प्रसिद्धीसाठी धडपडणारा माणूस तेरा वर्षे थांबत नाही. मिलरच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेणाऱ्यांनी हा काळ लक्षात घ्यायला हवा.

गणित : आधार बायबलमधील दानीएलच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला. पवित्रस्थानाच्या शुद्धीपूर्वी २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ जातील, असे तेथे सांगितले आहे. गणना आणि यहेज्केल या पुस्तकांत एका दिवसाबद्दल एक वर्ष धरल्याची उदाहरणे आहेत. त्यावरून २३०० दिवसांची २३०० वर्षे झाली. आरंभ कुठे धरायचा, हे पुढच्याच अध्यायातील सत्तर सप्तकांवरून ठरले. ती सप्तके यरुशलेमच्या पुनर्रचनेच्या आज्ञेपासून मोजायची, आणि ती आज्ञा म्हणजे पर्शियाचा राजा अर्तहशश्त याचे एज्राला दिलेले फर्मान, इसवी सनपूर्व ४५७. २३०० मधून ४५७ वजा जाता उरतात १८४३. इतर वाटांनीही हेच साल येत होते : इ. स. ५०८ मध्ये दानीएलचे १३३५ दिवस मिळवले तरी १८४३, आणि इसवी सनपूर्व ६७७ पासून २५२० वर्षे मोजली तरी १८४३. चार्ल्स फिच व अपोलस हेल यांनी १८४२ मध्ये कापडावर छापलेल्या तक्त्यात नबुखद्नेस्सरच्या स्वप्नातला पुतळा, श्वापदे आणि हे हिशेब एकाच नजरेत दिसत. श्रोत्यांना तो तक्ता स्वतः पडताळता येई, आणि त्याची खरी ताकद यातच होती.

प्रसार : बोस्टनचा धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स याने १८४० मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ हे पत्र काढले. अनुयायांची संख्या सहसा ५०,००० ते १,००,००० सांगितली जाते. अंदाजांत मोठी तफावत आहे.

सातवा महिना : मिलरने नेमका दिवस दिला नव्हता. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या यहुदी वर्षात केव्हातरी, एवढेच तो म्हणाला होता. ते वर्ष सरले. मे महिन्यात त्याने चूक जाहीरपणे कबूल केली. त्याच सुमारास दोन दुरुस्त्या पुढे आल्या.

पहिली, इसवी सनात शून्य वर्ष नाही. इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येते, त्यामुळे २३०० पूर्ण वर्षे १८४३ मध्ये नव्हे, १८४४ मध्ये भरतात. दुसरी दुरुस्ती सणांची. न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटर येथे ऑगस्ट १८४४ मध्ये भरलेल्या शिबिरात स्नोने ती मांडली. वल्हांडणाला ख्रिस्ताचे मरण, प्रथमपिकाच्या दिवशी पुनरुत्थान, पेंटेकॉस्टला पवित्र आत्म्याचे आगमन : वसंतातले सण त्या त्या तिथीलाच पूर्ण झाले. मग शरदातले सणही तिथीलाच पूर्ण व्हायला हवेत. लेवीयच्या १६ व्या अध्यायानुसार पवित्रस्थानाची शुद्धी होते ती प्रायश्चित्ताच्या दिवशी, सातव्या महिन्याच्या दशमीला. दानीएलमधली शुद्धी आणि ही शुद्धी एकच धरली की तारीख हातात येते.

पण कोणती तारीख? रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक मास ठरलेल्या क्रमाने येतात. त्यानुसार १८४४ चा प्रायश्चित्ताचा दिवस (योम किप्पूर) २३ सप्टेंबरला पडत होता. स्नो व त्याच्या सहकाऱ्यांनी कराइट या यहुदी पंथाची रीत घेतली. हा पंथ रब्बींची मौखिक परंपरा मानत नाही. त्यांचे वर्ष यहुदियातले सातू कणसाला येऊन पिकू लागल्यावरच सुरू होते. पीक मागे असेल तर महिना वाढवायचा. आपल्याकडे अधिक मास संक्रांतीवरून ठरतो, तिथे तो शेतावरून ठरत असे. असा महिना वाढवून दशमी आली मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी. हा हिशेब मात्र न्यू इंग्लंडमध्ये बसून नवचंद्रावरून केलेला होता. त्या वर्षी पूर्वेकडील कराइट स्वतः कोणत्या दिवशी उपास करत होते, यावर अद्याप एकमत नाही.

मिलरने ही तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीला स्वीकारली.

तो दिवस : काहींनी दुकाने बंद केली, कर्जे फेडली, पिके शेतात उभी ठेवली. न्यू इप्सविचच्या लिओनार्ड हेस्टिंग्ज याने बटाटे खणलेच नाहीत. इतरांचे काढलेले बटाटे सडले आणि त्याचे उशिरा निघालेले पीक चढ्या भावाने गेले, अशी आठवण अ‍ॅडव्हेंटिस्ट परंपरेत सांगतात. अनुयायी पांढरे झगे घालून टेकड्यांवर चढले, ही कथा फ्रान्सिस निकोल याने १९४४ मध्ये साधार खोडून काढली असली तरी अजून छापली जाते. रात्र सरली. पोर्ट गिब्सन (न्यूयॉर्क) येथे मिलरचा अनुयायी हायरम एडसन व त्याचे सोबती पहाटेपर्यंत रडत होते. पुढे हा प्रसंग ‘महान निराशा’ या नावाने ओळखला गेला.

नंतर : २३ ऑक्टोबरच्या सकाळी मक्याच्या शेतातून जाताना एडसनला उमगले की शुद्ध व्हायचे पवित्रस्थान पृथ्वीवरचे नसून स्वर्गातले आहे, तारीख खरी, घटना ओळखण्यात चूक झाली. या अर्थावर उभा राहिलेला सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ १८६३ मध्ये बॅटल क्रीक (मिशिगन) येथे संघटित झाला. त्याने पुन्हा तारीख दिली नाही. दुसऱ्या फांदीवरच्या नेल्सन बार्बर व चार्ल्स टेझ रसेल यांनी २५२० वर्षांचाच आकडा घेऊन १९१४ साल काढले. तिथेही शून्य वर्षाची अडचण आलीच; पण या वेळी शेवट न हलवता आरंभ इ. स. पू. ६०६ वरून ६०७ वर नेला गेला. स्वतः मिलर पुनरागमन जवळ आहे, या विश्वासातच वारला. १८४८ मध्ये शेताशेजारी त्याने बांधलेले प्रार्थनामंदिर अजून उभे आहे.

अन्य मत : अनेक अभ्यासक दानीएलमधील मजकूर अँटायोकस एपिफेनीस याने केलेल्या मंदिराच्या विटंबनेशी (इ. स. पू. १६७–१६४) जोडतात, २३०० संध्याकाळ-सकाळ म्हणजे ११५० दिवस, असेही काही जण धरतात.

महाराष्ट्राशी संबंध : पुण्यात औंध येथील स्पायसर महाविद्यालय (आता विद्यापीठ) अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे, ते १९४२ मध्ये बंगळुरूहून येथे आले. प्रायश्चित्ताचा दिवस कोकणातील बेने इस्रायल समाज ‘दरफाळणीचा सण’ म्हणून दारे लावून, पांढऱ्या वस्त्रांत, उपासाने पाळत आला आहे. त्यांच्या परंपरेत त्या तिथीवरून अंताचा हिशेब कधी मांडला गेल्याची नोंद आढळत नाही.