मूत्राशयातल्या खुणेची कुळकथा

मीरा-भाईंदरमध्ये काय किंवा आणखी कुठे काय, कुणाला लघवीतून एकदा लाल गेलं आणि दुखलंखुपलं काही नाही, की घरातलं निदान ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं. दोन दिवसांत रक्त थांबतं आणि विषय मिटतो. मूत्राशयाच्या कर्करोगाची सर्वांत जुनी खूण हीच, न दुखता गेलेलं रक्त. ती आपणहून नाहीशी होते, म्हणूनच माणूस फसतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसानं तर असं रक्त एकदा दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

रक्तानंतरची खूण पेशींची. 1945 साली जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी लघवीचा गाळ काचपट्टीवर पसरून त्यात कर्करोगाच्या पेशी ओळखून दाखवल्या. गर्भाशयमुखाच्या ‘पॅप’ चाचणीचे जनक ते हेच पापानिकोलाऊ. ही तपासणी आजही होते. तिच्यासाठी सकाळची पहिली लघवी शक्यतो घेत नाहीत, कारण रात्रभर साचलेल्या लघवीत पेशी विरतात आणि त्यांचा आकार ओळखता येत नाही. नंतरची ताजी लघवी यंत्रात वेगानं फिरवून तळाशी बसलेला गाळ रंगवतात. मोठं, काळपट, वेडंवाकडं केंद्रक दिसलं तर शंका घ्यायची. पण शंका आणि खात्री यांच्या मधल्या पेशीही बऱ्याच असतात.

ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या पेशी तशाच होत्या. अमेरिकेचे उपाध्यक्ष असताना, 1967 साली, त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. काचपट्टी पाहणाऱ्या तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. 1976 मध्ये त्यांचं मूत्राशय काढावं लागलं आणि जानेवारी 1978 मध्ये ते गेले. त्या 1967च्या पेशी जपून ठेवलेल्या होत्या. जॉन्स हॉपकिन्समधल्या डेव्हिड सिड्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी त्यांतला डीएनए तपासला आणि 1994 मध्ये निष्कर्ष छापला: पी-53 या जनुकातला जो बदल 1976च्या गाठीत होता, तोच नऊ वर्षं आधीच्या लघवीत होता. मला या साऱ्या इतिहासात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी माहीत नाही.

जनुकातल्या खुणांचं मूळ मात्र त्याहून मागचं आहे. मूत्राशयाच्या गाठीपासून वाढवलेल्या ‘टी-24’ पेशींमध्ये 1982 साली एचरास जनुकातलं एकच अक्षर बदललेलं सापडलं. माणसाच्या कर्करोगात असा बदल प्रथमच नेमका हाती लागला होता. एकाच वर्षात अनेक प्रयोगशाळा तिथवर पोचल्या. त्यांतल्या एका शोधनिबंधाचे पहिले लेखक होते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले ई. प्रेमकुमार रेड्डी. रोग पुढे कुठं जाणार हे सांगायला मात्र एचरासमधली ही पहिली खूण फारशी कामी आली नाही.

ते काम दुसऱ्या दोन खुणा बऱ्याच अंशी करतात. 1999 नंतर एफजीएफआर-3 या जनुकातले बदल सापडत गेले, तेही मुख्यतः आतल्या अस्तरावर कोंबासारख्या उगवणाऱ्या, सौम्य गाठींमध्ये. अशा गाठी काढल्या तरी पुन्हा येतात, मात्र स्नायूत क्वचितच घुसतात. अस्तरालाच चिकटून सपाट पसरणाऱ्या रोगात पी-53 बिघडलेलं आढळतं आणि तो रोग स्नायूकडे निघतो. नेमकी रेघ नाही. सौम्य वाटेवरची गाठही कधी वाट बदलते. तरी आज दिसायला सारख्या दोन गाठींचा उद्या वेगळा का, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

2019 मध्ये अमेरिकेत एर्डाफिटिनिब या गोळीला परवानगी मिळाली. पसरलेल्या रोगात ती एफजीएफआर जनुकांतल्या बदलालाच लक्ष्य करते, म्हणजे खूण होती तीच औषधाची जागा झाली. मूत्राशयात घालून आत पाहायच्या दुर्बिणीची जागा मात्र अजून एकाही खुणेनं घेतलेली नाही. गाठ खरवडून काढल्यावर पहिली तपासणी साधारण तीन महिन्यांनी असते, आणि भाईंदरहून लोकलनं दादर गाठून परळला टाटा मेमोरियलमध्ये जाणाऱ्यालाही ती दुर्बिणीनंच करून घ्यावी लागते.