दोन बेरजा

सामना सकाळी साडेनऊला सुरू व्हायचा होता आणि मी आठ वाजताच पोहोचले. क्लबांमधला साधा सामना होता. सत्तावीस वर्षं मी मुंबईच्या मैदानांवर स्कोअरर म्हणून बसते आहे, पण बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर टेबल लागायची ही पहिलीच वेळ. फॅशन स्ट्रीटचे गाळे अजून उघडत होते. माळी खेळपट्टीवर मारलेल्या चुन्याच्या रेघा पुन्हा नीट करत होता. मी टेबलाशी बसून पेनं काढली. मी प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग देते आणि विकेट लालने लिहिते. लाल पेन मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

समोर लांबवर पसरलेलं आझाद मैदान, त्यावर एकमेकांना खेटून बावीस खेळपट्ट्या, आणि त्यापलीकडे सीएसएमटीचा घुमट. मी बसले होते त्या हिरवळीवर भारतातला पहिला कसोटी सामना झाला, 15 ते 18 डिसेंबर 1933. स्कोअररच्या परीक्षेची तयारी करताना मी जुने धावफलक पुन्हा उतरवून काढायची, आणि त्यातला पहिला हाच. भारत 219. इंग्लंड 438. भारत 258. इंग्लंड 1 बाद 40. भारताच्या दोन डावांची बेरीज 477, इंग्लंडची 478. बेरीज जुळली की जिवाला बरं वाटतं, हरलेल्या सामन्याची असली तरी.

त्या सामन्यातला 17 डिसेंबर हा रविवार होता. माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे, रविवारी सुट्टी, म्हणून चालत आले होते. भारताचे दोन गडी 21 धावांत गेले आणि लाला अमरनाथ मैदानात आले. पदार्पणाचा सामना. दुसऱ्या बाजूला कर्णधार सी. के. नायडू. दोघांनी मिळून 186 धावा जोडल्या. संध्याकाळपर्यंत अमरनाथचं शतक झालं होतं, भारताचं कसोटीतलं पहिलं. लोक मैदानात घुसले, त्याच्या गळ्यात हार घातले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. आजोबा सांगायचे ते एवढंच, की शेजारचा माणूस रडत होता आणि त्याला कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी नायडू 67 वर गेले, अमरनाथ 118 वर, आणि बाकीचा डाव ढेपाळला. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन. त्याचा जन्म मुंबईतलाच, हे मला फार उशिरा कळलं.

हे सगळं पाटीवर लिहिण्यासारखं आहे. मला टेबलाशी बसून आठवत राहिली ती मात्र दुसरी बेरीज.

फेब्रुवारी 1906. हिंदू 242 आणि 160, म्हणजे 402. युरोपियन 191 आणि 102, म्हणजे 293. फरक 109. याच मैदानावर हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवलं. त्या संघात बाळू पालवणकर होते, डावखुरे, संथ फिरकी टाकणारे. चांभार समाजातले, घराणं मूळचं कोकणातलं पालवणचं. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर नोकरीला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, जाळी बांधायची, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा त्यांचा नामांकित फलंदाज रोज सकाळी लवकर यायचा आणि बाळू तासन्‌तास त्याला गोलंदाजी करायचे. ती बोटं अशी तयार झाली. साहेबांनी त्यांच्या हातात फलंदाजीला बॅट मात्र कधी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवा झाला. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावायचे. चहाच्या वेळी बाळूंना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. स्कोअरबुकात चहाची वेळ लिहितात. खेळ किती वाजता थांबला, किती वाजता सुरू झाला, सगळं. कोण कुठे उभं राहून प्यायलं यासाठी रकाना नाही. मुंबईला आल्यावर हिंदू जिमखान्यात ते इतरांबरोबर पंगतीला बसू लागले, आणि त्या काळच्या सुधारकांनी त्याचं स्वागत केलं. माझ्या मते त्या पंगतीचं श्रेय बाळूंच्या बोटांना जितकं, तितकं कुणाच्या उदार मनाला नाही. 1911 साली पटियालाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात शंभराहून जास्त गडी बाद केले. तरी कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. 1923 मध्ये ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली.

बॉम्बे जिमखाना 1875 सालचा, युरोपियनांसाठी काढलेला. चौरंगी सामने इथे व्हायचे, पण हिरवळीवर खेळणाऱ्या पारशी, हिंदू, मुसलमान खेळाडूंना सभासद म्हणून आत जाता येत नव्हतं. आणि समोरच्या मैदानाचंही तेच. तिथे एतद्देशीय पोरं क्रिकेट खेळायची, आणि जिमखान्याचे साहेब त्याच जमिनीवर पोलो. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची. 1881 मध्ये शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने त्याविरुद्ध गव्हर्नरकडे अर्ज केला, खाली शेकडो देशी खेळाडूंच्या सह्या. पोलो काही काळ दुसरीकडे गेला, परत आला, भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी सरकारने पश्चिम किनाऱ्यालगतच्या जमिनी वेगवेगळ्या समाजांना दिल्या. मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने ओळीने दिसतात, त्यांच्या मुळाशी या मैदानावरच्या घोड्यांच्या टापा आहेत. मरीन ड्राइव्हवर फिरायला जाणाऱ्या माझ्या प्रत्येक मैत्रिणीला मी हे सांगते, तिने विचारलं नसलं तरी.

जिमखान्याच्या याच मैदानावर डिसेंबर 1926 मध्ये नायडूंनी इंग्लंडहून आलेल्या, गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध 153 केल्या, त्यात अकरा षटकार. आणि पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी त्याच पाहुण्यांविरुद्ध 148. भारताला कसोटीचा दर्जा मिळावा हे इंग्लंडमध्ये पटलं, त्यात या दोन खेळींचा वाटा मोठा. 1937 मध्ये ब्रेबर्न स्टेडियम झालं आणि मोठे सामने तिकडे गेले. इथे पुन्हा कसोटी झाली नाही.

आमच्या सामन्यात दुपारी घोळ झाला. माझी बेरीज 187, शेजारी बसलेल्या दुसऱ्या स्कोअरर मुलीची 186. ती नवी, घाबरली. मी म्हटलं, "घाबरू नकोस गं, एकेक षटक मागे जाऊ." एकतिसाव्या षटकात सापडलं. अंपायरने लेगबायची खूण केली होती, मी पोचपावतीचा हात वर केला होता, आणि तिने ते टिंब टाकून सोडून दिलं होतं. तिने खोडलं नाही, नीट दुरुस्त केलं आणि बाजूला सही केली. मी तिला शाबासकी दिली.

सामना संपला तेव्हा ऊन कलंडलं होतं. दोघींनी सह्या केल्या. खेळाडू बॅगा उचलून निघाले. सकाळचा माळी रबरी नळी ओढत खेळपट्टीकडे चालला होता. टेबलाशी थांबला आणि म्हणाला, "ताई, किती झाले शेवटी? आमाला कोन सांगत नाय." मी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि त्याला पहिल्या षटकापासून वाचून दाखवायला लागले. तो नळी हातात धरून ऐकत होता, पाणी गवतात वाहत होतं. डावखुऱ्या पोराचे चार गडी आले तेव्हा तो म्हणाला, त्या टोकाला मी काल जरा कमी पानी मारलं होतं.