मळ्याच्या यादीतील दोनशे माणसे

१९०१ साली इंग्लंडमधील कॅडबरी या कोको-चॉकलेटच्या कारखान्याच्या चालकांच्या हाती विक्रीस निघालेल्या एका मळ्याची यादी आली. पश्चिम आफ्रिकेच्या बाजूस, गिनीच्या आखातात, साओ टोमे नावाचे बेट आहे; ते त्या वेळी पोर्तुगीजांचे होते. मळा तेथला होता. इतर मालमत्तेबरोबर त्या यादीत एक नोंद होती : दोनशे काळे मजूर, किंमत ३,५५५ पौंड.

ज्याची किंमत जमिनीबरोबर लावली जाते, त्याला मजूर म्हणत नाहीत. हे कॅडबरींना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते क्वेकर पंथाचे. गुलामगिरीविरुद्धच्या इंग्लंडमधील चळवळीत हा पंथ पहिल्यापासून पुढे होता. बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिल येथे त्यांच्या कारखान्याभोवती बागा आणि टुमदार घरे उभी राहिली होती. घराण्यातील जॉर्ज कॅडबरी हे ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्राचे मालक. ट्रान्सव्हालच्या खाणींत चिनी मजुरांना कैद्यांप्रमाणे राबविले जाते म्हणून याच पत्राने पुढे रान उठविले. आणि या कारखान्यात येणाऱ्या कोकोपैकी सुमारे ४५ टक्के कोको साओ टोमे आणि शेजारच्या प्रिन्सिपे बेटावरून येत असे.

कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर तेथे गुलाम कोणीच नव्हता. पोर्तुगीज साम्राज्यातील गुलामगिरी १८७० नंतरच्या दशकातच रद्द झाली होती. आता होता तो ‘करार’. अंगोलाच्या अंतर्भागातून माणसे धरून अथवा विकत घेऊन शेकडो मैल चालवीत किनाऱ्यावर आणीत. तेथे त्यांना सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे करीत आणि राजीखुशीने जाता ना, असे विचारीत. उत्तर आले काय आणि न आले काय, पाच वर्षांचा कागद तयार होई. गळ्यात क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला, आणि करारपत्र ठेवण्यासाठी पत्र्याची नळी! भारतातून फिजीला आणि नाताळला गेलेल्या गिरमिटवाल्यांचे हाल काही थोडे नव्हते. परंतु मुदत भरल्यावर मायदेशी परतलेली माणसे तरी तेथे दाखविता येत. साओ टोमेहून अंगोलास परत आलेला मजूर जवळजवळ कोणाच्याच पाहण्यात नव्हता. पाच वर्षे संपली की करार पुढे चालू होई. बेटावर जन्मलेली मुले मळेवाल्याचीच होत. कागद मात्र सर्व बिनचूक असत.

घराण्यातील विल्यम कॅडबरी यांनी हे प्रकरण अंगावर घेतले. १९०३ साली ते लिस्बनला गेले. मजुरांच्या पाठवणीसंबंधी नवा कायदा नुकताच झाला आहे, विश्वास नसेल तर आपला माणूस पाठवून पाहा, असे मळेवाल्यांनी त्यांना ऐकविले. ते आव्हान त्यांनी स्वीकारले. फ्राय आणि राउन्ट्री हे इंग्लंडमधील दोन कारखाने व जर्मनीतील श्टोलवेर्क हा एक, असे धंद्यातील प्रतिस्पर्धीही या कामात सामील झाले. निवड झाली जोसेफ बर्ट या गृहस्थाची. ते पूर्वी बँकेत नोकरीस होते. आफ्रिका त्यांनी पाहिलेली नव्हती आणि पोर्तुगीज भाषा त्यांना येत नव्हती. आधी ती भाषा शिकण्यात काही महिने गेले. १९०५ च्या जूनमध्ये ते साओ टोमेला पोहोचले, सुमारे सहा महिने मळे पाहत हिंडले, नंतर अंगोलात शिरले, तेथून मोझांबिक आणि ट्रान्सव्हाल करून १९०७ साली मायदेशी आले.

दरम्यान एका अमेरिकन मासिकाने पाठविलेले पत्रकार हेन्री नेव्हिन्सन हे त्याच वाटेने जाऊन परतलेसुद्धा होते. गुलामांच्या वाटेवर पडलेल्या लाकडी बेड्या आणि माणसांची हाडे त्यांनी पाहिली, आणि १९०६ साली त्यांचा ग्रंथ लोकांच्या हाती पडला.

बर्ट यांच्या कामात कसूर नव्हती. कित्येक मळ्यांवरील व्यवस्था चांगली असल्याचे त्यांनी लिहिले, परंतु मजूर इच्छेविरुद्ध आणले जातात आणि कधी परत जात नाहीत, सबब ही गुलामगिरीच होय, हेही लिहिले. पण अहवालाचा प्रवास लेखकाच्या प्रवासाहून अवघड निघाला. ब्रिटिश परराष्ट्र खात्याला त्यातील भाषा सौम्य हवी होती. ट्रान्सव्हालच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकातून मजूर लागत, तेव्हा लिस्बनला दुखविणे परवडणारे नव्हते. अखेर १९०७ च्या शेवटी तो पोर्तुगीजांपुढे ठेवण्यात आला.

या सर्व काळात कोकोची खरेदी चालू होती. आपण माल घेणे थांबविले तर आपल्या शब्दाला लिस्बनमध्ये वजन राहणार नाही आणि तोच माल दुसरा कोणी घेईल, असे विल्यम कॅडबरी यांचे म्हणणे होते. ते अप्रामाणिक नव्हते. पण वजन वापरण्याचा दिवस मात्र वर्षानुवर्षे पुढे जात राहिला.

सप्टेंबर १९०८ मध्ये ‘स्टँडर्ड’ या विरोधी पक्षाच्या पत्राने त्यांच्या ढोंगीपणावर झोड उठविली. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. विल्यम स्वतः आफ्रिकेला जाऊन आले. आणि मार्च १९०९ मध्ये इंग्लंडच्या तिन्ही कारखान्यांनी साओ टोमेचा कोको घेणे बंद केले. आठ वर्षे लोटली होती.

खटला नोव्हेंबर १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅमला उभा राहिला. कॅडबरींचे वकील होते रूफस आयझॅक्स, म्हणजेच पुढे १९२१ साली लॉर्ड रीडिंग या नावाने हिंदुस्थानात आलेले व्हाइसरॉय. प्रतिपक्षाच्या एडवर्ड कार्सन यांनी उलटतपासणीत विल्यम कॅडबरींच्या सज्जनपणाला हात लावला नाही. कोठल्या साली काय कळले आणि त्या साली किती कोको घेतला, एवढेच ते विचारीत गेले. तो कोको तयार करताना किती गुलाम मेले याचा काही अंदाज केला आहे का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. साक्षीदाराला ‘नाही’ म्हणण्यापलीकडे काही उरले नाही.

ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला, आणि अब्रूची भरपाई ठरविली एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा. त्याहून लहान नाणे त्या वेळी इंग्लंडात चलनातच नव्हते. खटल्याचा खर्च ‘स्टँडर्ड’ने द्यावा, असेही ठरले.

खरेदी थांबल्यावर, जुलै १९०९ मध्ये, पोर्तुगीज सरकारने अंगोलातील मजूरभरती काही काळ बंद केली, आणि पुढील काही वर्षांत मजुरांच्या तुकड्या प्रथमच बेटावरून घरी परतू लागल्या. कॅडबरींनी आपले खरेदीदार गोल्ड कोस्टकडे वळविले. तेथे आफ्रिकी शेतकरी स्वतःच्या जमिनीत कोको लावीत होते, आणि १९११ साली तोच प्रदेश जगात सर्वांत जास्त कोको पिकवू लागला. आज त्याचे नाव घाना. तेथील आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमधील कोकोच्या शेतांवर मुलांना धोक्याच्या कामास जुंपणे बंद करू, असा करार चॉकलेटच्या कारखानदारांनी २००१ साली केला. त्याची मुदत २००५ची होती. ती पुढे ढकलली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या दोन देशांत कोकोच्या कामात राबणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १५ लाख ६० हजार भरली. त्यांतील बहुतेक आपल्याच घरच्या शेतावर होती, आणि त्यांच्या गळ्यात बिल्ला नव्हता.