हृदयाच्या झडपेतील जन्मजात दोष आणि स्पर्धात्मक खेळ

अटलांटा येथे १९९६ मध्ये झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत नायजेरियाच्या फुटबॉल संघाने सुवर्णपदक पटकावले. या संघाचे कर्णधार न्वांक्वो कानू त्यानंतर इटलीतील इंटर मिलान क्लबमध्ये दाखल झाले. तेथील वैद्यकीय तपासणीत त्यांच्या हृदयातील महाधमनीच्या झडपेत गंभीर दोष असल्याचे आढळून आले. आदल्याच वर्षी त्यांनी आयाक्स संघाकडून युरोपातील चॅम्पियन्स लीग जिंकली होती. उत्तम कामगिरी म्हणजे निर्दोष हृदय नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते. तेथील झडपेला सर्वसाधारणपणे तीन पाकळ्या असतात. सुमारे एक ते दोन टक्के लोकांमध्ये त्या जन्मतःच दोन असतात. हा दोष पुरुषांमध्ये अधिक आढळतो आणि अनेकदा तो आनुवंशिक असतो. बालपणी बहुधा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. मात्र कालांतराने झडप अरुंद होणे, तिच्यातून रक्त मागे झिरपणे किंवा महाधमनी रुंदावणे, असे विकार उद्भवू शकतात.

केवळ दोषाचे निदान झाले म्हणून खेळ थांबवावा लागत नाही. झडपेचे कार्य सुरळीत असेल आणि महाधमनीचा व्यास सामान्य असेल, तर सर्व प्रकारच्या स्पर्धांत भाग घेता येतो. झडप तीव्र अरुंद असल्यास मात्र स्पर्धात्मक खेळास सामान्यतः परवानगी दिली जात नाही. महाधमनी बरीच रुंदावलेली असल्यास वजन उचलण्यासारखे, रक्तदाब एकाएकी वाढवणारे प्रकार धोकादायक ठरतात. श्रम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा शुद्ध हरपणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात.

झडप बदलल्यानंतरही खेळाची निवड विचारपूर्वक करावी लागते. यांत्रिक झडप टिकाऊ असते. परंतु रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आयुष्यभर औषध घ्यावे लागते. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध असे खेळ वर्ज्य ठरतात. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या झडपेसाठी असे औषध सहसा दीर्घकाळ लागत नाही. मात्र तरुण वयात ती लवकर झिजते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली भारतीय यांत्रिक झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णावर बसवण्यात आली.

कानू यांच्यावर नोव्हेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया करण्यात आली आणि १९९७ मध्ये ते मैदानावर परतले. त्यानंतर ते तीन विश्वचषक स्पर्धा खेळले. २००८ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल करून त्यांनी पोर्ट्समथला विजेतेपद मिळवून दिले. हृदयविकारग्रस्त बालकांच्या उपचारांसाठी २००० मध्ये त्यांनी प्रतिष्ठानही स्थापन केले. तथापि, २०१४ मध्ये त्यांना पुन्हा हृदयावर उपचार करून घ्यावे लागले.

या दोषाचे निश्चित निदान इकोकार्डिओग्राफी या ध्वनिलहरींवर आधारित तपासणीने होते. विद्युत आलेख सामान्य असला, तरी दोष असू शकतो. निदान झालेल्या खेळाडूने ठरावीक कालावधीने ही तपासणी करून घेणे आवश्यक असते. त्याच्या आईवडिलांनी व भावंडांनीही ती करून घ्यावी, असा सल्ला हृदयरोगतज्ज्ञ देतात. एकदा मिळालेली खेळण्याची परवानगी कायमची नसते. प्रत्येक तपासणीनंतर तिचा नव्याने विचार केला जातो.