कुंभकोणमचा एक प्रश्न : 1880

विद्यार्थी मित्रांनो, या पाठासाठी प्रथम नकाशा उघडा. तमिळनाडूत तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांमध्ये साधारण 40 किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हींच्या जवळजवळ मध्यावर तिरुक्करुगावूर नावाचे गाव लागते. येथील गर्भरक्षांबिकेच्या देवळात मूल व्हावे, बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून लांबून लोक येतात. शिवाचे येथील नाव मुल्लैवननाथर, म्हणजे जाईच्या वनाचा स्वामी. संबंदर आणि अप्पर या शैव संतांनी या स्थानाची स्तुती गायली, आणि ती पदे आजही गायली जातात. गावात मोठे ग्रंथालय नाही. तरी आपण इथूनच सुरुवात करू, कारण 1880 साली या गावाच्या दोन्ही अंगांना पुस्तकांच्या इतिहासातील दोन निराळ्या घटना घडल्या.

पश्चिमेला तंजावर. तेथील भोसले घराण्याचा दुसरा सरफोजी (राज्यकाल 1798 ते 1832) हा वाचणारा राजा होता. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. 1820 च्या सुमारास तो काशीयात्रेला गेला आणि परतताना हस्तलिखिते घेऊन आला. त्याच्या इंग्रजी पुस्तकांवर त्याच्या सह्या आहेत. आज आपण ज्याला सरस्वती महाल म्हणतो त्या ग्रंथालयाचे वैभव मुख्यतः त्याचे. त्यात संस्कृत सर्वाधिक. मराठी हस्तलिखिते 3000 च्या आसपास, शिवाय मोडी कागदांची दप्तरे वेगळी. 1855 मध्ये शेवटचा राजा वारला, इंग्रजांनी राज्य खालसा केले, आणि वाचणाऱ्या राजाचा संग्रह वाचकांशिवाय वाड्यात उरला. तंजावरला न्यायाधीश असलेल्या आर्थर बर्नेल यांनी त्यातील संस्कृत ग्रंथांची वर्गवार सूची केली. ती 1880 मध्ये छापून आली.

पूर्वेला कुंभकोणम. तेथील सरकारी महाविद्यालयात त्याच वर्षी एक पंचवीस वर्षांचे तमिळ शिक्षक रुजू झाले होते. त्यांचे नाव उ. वे. स्वामिनाथ अय्यर. जन्म 1855 चा, म्हणजे तंजावरचे राज्य ज्या वर्षी बुडाले त्याच वर्षीचा. तिरुवावडुदुरैच्या शैव मठात महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्याजवळ ते शिकले होते आणि आपल्या शिक्षणाचा त्यांना सार्थ अभिमान होता. ऑक्टोबर 1880 मध्ये ते गावात बदलून आलेल्या मुन्सफांना भेटायला गेले. हे मुन्सफ म्हणजे सेलम रामस्वामी मुदलियार. त्यांनी विचारले, कोणाजवळ शिकलात, काय काय वाचले आहे? अय्यरांनी यादी सांगितली. स्थलपुराणे, अंदादी, कोवै, पिळ्ळैत्तमिळ, कंबरामायण अशी ती लांबलचक यादी होती. मुन्सफांवर काही परिणाम झाला नाही. मग त्यांनी जुन्या ग्रंथांविषयी विचारले आणि नावे घेतली : जीवकचिंतामणी, मणिमेखलै, शिलप्पदिकारम. यांपैकी एकही ग्रंथ या विद्वान शिक्षकाने पाहिलेला नव्हता.

यात अय्यरांचा आळस शोधू नका. मठात जे शिकवले जाई ते त्यांनी पुरेपूर शिकले होते. अभ्यासक्रमच तसा होता. शैव मठात जैन आणि बौद्ध काव्ये शिकवण्याचे कारण कोणाला वाटत नव्हते, आणि जे शिकवले जात नाही त्याची नक्कल कोणी करत नाही. ताडपत्राचे आयुष्य मर्यादित असते. वाळवी आणि दमट हवा यांपुढे एक पोथी फार तर काही शतके टिकते. मग ती नव्या पानांवर उतरवावी लागते. एक-दोन पिढ्यांनी वाचणे सोडले की ग्रंथ संपण्याच्या वाटेला लागतो. त्यासाठी कोणी जाळण्याची गरज नसते. जीर्ण पोथ्या पुण्यकर्म म्हणून नदीत सोडण्याची किंवा अग्नीला देण्याची चालही होतीच.

मुन्सफांनी चिंतामणीची एक कागदावर उतरवलेली प्रत अय्यरांना दिली. तिरुत्तक्कदेवर या जैन कवीचे हे 3000 हून अधिक पद्यांचे काव्य. दोघे एकत्र वाचू लागले. एक कायद्याचा माणूस, दुसरा भाषेचा शिक्षक. वाचन अडखळले. व्याकरण कळे, शब्द कळत, पण जैन कल्पना आल्या की अर्थ लागत नसे. नच्चिनार्किनियर यांची जुनी टीका हाताशी होती, तीही जागोजागी कोड्यात बोलत होती.

आता या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. अय्यरांना समजले की कुंभकोणममध्येच जैन कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी एका घरी ते गेले, तर दाराला तोरण. विचारले, आज काय आहे? उत्तर मिळाले की चिंतामणीचे पारायण आजच पूर्ण झाले. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात आणि शेवटच्या दिवशी समाप्ती करतात, तसेच म्हणा ना. विद्वानांच्या जगात हरवलेला ग्रंथ चार गल्ल्या पलीकडे परंपरेने वाचला जात होता. पुढे अय्यर त्या मंडळींकडे शंका घेऊन जात राहिले, आणि जे महिनोन्महिने अडले होते ते त्यांच्या घरच्या बोलण्यातून उलगडत गेले. दोन्ही बाजूंना तमिळ येत होते, अंतर फार नव्हते. तोपर्यंत कोणी विचारले नव्हते इतकेच.

1887 मध्ये चिंतामणी छापून बाहेर आली. त्यासाठी अनेक ठिकाणच्या प्रती गोळा करून पाठभेद लावावे लागले, छपाईसाठी आगाऊ वर्गणीदार शोधावे लागले. शैव मठात घडलेल्या माणसाने जैन काव्यासाठी आयुष्य खर्ची घालावे, हे काहींना खटकले. अय्यर थांबले नाहीत. नच्चिनार्किनियर यांच्या टीकेत अनेक उतारे होते, पण ते कुठले हे टीकाकाराने लिहिले नव्हते. त्याच्या काळच्या वाचकांना ते सांगावे लागत नसणार. मठातील एक जुनी पोथी चाळताना तेच उतारे अय्यरांना सापडले आणि त्यातून संघकाळातील काव्यांपर्यंत वाट निघाली. पत्तुप्पाट्टु 1889 मध्ये, शिलप्पदिकारम 1892 मध्ये, पुरनानूरु 1894 मध्ये, मणिमेखलै 1898 मध्ये.

इथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून थोडे थांबा. ही भेट आपल्याला कळते ती स्वतः अय्यरांच्या आत्मचरित्रातून. ते ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात 1940 पासून क्रमशः आले, म्हणजे घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी. आयुष्याला वळण देणारा प्रसंग इतक्या वर्षांनी आठवताना तो जरा घोटीव होतोच. शिवाय ‘एकट्याने तमिळचा प्राचीन ठेवा वाचवला’ हे लोकप्रिय वाक्य टिकणारे नाही. चिंतामणीचा पहिला भाग बॉवर या मिशनऱ्याने 1868 मध्येच छापला होता. जाफन्याचे सी. वै. दामोदरम पिळ्ळै जुने ग्रंथ छापतच होते. त्यांची कलित्तोगै 1887 चीच. आणि मुदलियारांना या ग्रंथांची नावे माहीत होती, त्याअर्थी त्यांची कुजबुज इतरत्रही चालू असलीच पाहिजे. अय्यरांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. फक्त चित्रात माणसे वाढतात. मला तरी गर्दीचे चित्र जास्त खरे वाटते.

मग सूचीचे काय? मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे नोंदवह्या आणि तक्ते यांबद्दल मला आदर आहे. बर्नेलची सूची नसती तर संस्कृतच्या पुढच्या अभ्यासकांना तंजावरच्या संग्रहात चाचपडावे लागले असते. पण सूची सांगते की अमुक ग्रंथ अमुक ठिकाणी आहे. तो वाचण्यासारखा का, हे ती सांगत नाही. ते काम कुंभकोणमच्या बैठकीत एका वाचकाने दुसऱ्यासाठी केले, आणि तेही फारशी भीड न ठेवता. याच सुमारास पुण्यात हे काम मासिकांतून होत होते. का. ना. साने आणि जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी 1878 मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून जुन्या बखरी आणि काव्ये अंकाअंकाने वाचकांपुढे ठेवली. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. रानडेही न्यायखात्यातलेच, हा योगायोग गमतीचा आहे. बर्नेल, मुदलियार, रानडे : दिवसा खटले, संध्याकाळी ग्रंथ.

राहता राहिली ती तंजावरची मराठी दप्तरे. सरस्वती महाल 1918 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेथील मोडी कागदांपैकी निवडकांचा तमिळ अनुवाद तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने 1989 मध्ये टिपांसह प्रसिद्ध केला. मराठी राजांच्या दरबारात कोणाला किती पगार होता, कोणत्या देवळाला काय दिले जाई, हे तिरुक्करुगावूरचा शाळकरी मुलगा आपल्या भाषेत वाचू शकतो. पुढच्या वेळी वर्गात किंवा वसतिगृहात एखाद्याला विचारून पाहा, यातले काय वाचले आहेस म्हणून.